कुबड्यांचं कातडं

जित्या माणसाच्या अंगात एखादं हाड मरून पडतं, असं मला लग्नाआधी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. माणूस जातो आणि हाडं मागे राहतात, एवढंच मला ठाऊक होतं. आमच्या घरात ते उलटं झालं. माणूस राहिला आणि हाड गेलं.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, पानमळ्यांचं. महाराष्ट्र होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. घरात माणसं चारच. सासू, हे, मी आणि माझा दीर. सासरे लवकर गेले होते, म्हणून मळा यांच्या हाताखाली आला होता, आणि यांच्या हाताला मळा लागलेलाही होता. ही गोष्ट मी नवरा म्हणून कौतुकानं सांगत नाही. गावातली म्हातारी माणसंसुद्धा वेल पिवळा पडला की यांना बोलावून न्यायची.

पानमळ्याचं काम म्हणजे बसकाम. वेल शेवरीच्या झाडावर चढतो, त्याला बांधत वर न्यायचं ते तेवढं उभ्यानं. बाकी पाणी, खत, माती, मुळाशी बघणं सगळं उकिडवं बसून. वर्षातून एकदा उतरण असते. म्हणजे उंच गेलेला वेल खाली घ्यायचा, त्याचं वेटोळं करून बुडाशी मातीत पुरायचं आणि शेंडा पुन्हा शेवरीला बांधायचा. वेल त्यानं पुन्हा जोर धरतो. ज्याला उकिडवं बसता येत नाही त्यानं मळ्यात जाऊन करायचं काय? हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं या बसण्यावरच अडलं.

आणखी एक सांगते. मळ्यात जोडा जात नाही. कातड्याची कोणतीच वस्तू जात नाही, कमरेचा पट्टाही नाही. नागवेल आमच्यात देवी आहे. व्यापारी कितीही मोठा असो, मळ्याभोवतीच्या तुराट्यांच्या कुडाच्या बाहेर जोडे काढूनच आत येतो. बाई पाळीची, बाहेरची असली की तीही आत जात नाही. माझं माहेरही मळेवाल्यांचंच, त्यामुळे मला यात कधी वावगं वाटलं नाही. खरं विचाराल तर आजही वाटत नाही. नुसता राग येतो.

यांना दमा होता. थंडी पडली की रात्र रात्र उशीला पाठ लावून बसायचे. मग आमच्याकडे बाजाराच्या दिवशी एक डॉक्टर यायला लागला. त्यानं बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. काय जादू होती त्यांच्यात कोण जाणे, दुसऱ्या दिवशी दमा गायब. भूक लागायला लागली. तोंड भरलं, गाल वर आले. सासू गावभर सांगत सुटली, "माह्या लेकाच्या अंगाले आता कुठी अन्न लागून राह्यलं." मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. बारीक नवऱ्यापेक्षा भरलेला नवरा कोणाला नको असतो. दम्याचा झटका आला नाही तरी हे गोळी घ्यायचे, आणि संपली की बाजाराच्या दिवसाची वाट बघायचे.

मग गुडघा दुखायला लागला. डावा. मळ्यातून येताना हे कुडाला हात टेकवून थांबायचे. गुडघा दुखतो म्हटल्यावर गुडघ्यालाच धरलं सगळ्यांनी. तेल झालं, निरगुडीचा शेक झाला, बिब्ब्याचे डाग दिले. डागांनी कातडी उतरली, दुखणं जागचं हललं नाही. पाय लंगडायला लागला तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "आता माह्यासंगं चला नाहीतर मी माहेरी जाते." मी काही माहेरी जाणार नव्हते, पण हे उठले.

नांदुऱ्यापर्यंत बस, तिथून रेल्वेनं नागपूर. तिथल्या दवाखान्यातला हाडांचा डॉक्टर वयानं तरुण होता, पण दमानं बोलणारा. त्यानं गुडघ्याला हातही लावला नाही. यांना आडवं केलं, पाय वर धरून खुब्यात फिरवला, आणि हे कळवळले. हाडाचा फोटो काढला. काचेवर लावून दाखवला आणि म्हणाला, मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आहे ना, त्याचं रक्त बंद झालंय. वरचा भाग मेलाय आणि आता खचायला लागलाय. दुखणं खुब्याचं आहे, ते जाणवतं गुडघ्यात.

मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, जित्या माणसाचं हाड कसं मरते?"

त्याच्या आधी हेच बोलले. "मर लागला म्हणा."

मर म्हणजे वेलाचा रोग. मुळाशी वेल मेलेला असतो आणि वरची पानं काही दिवस हिरवीगार असतात. डॉक्टरला मर ठाऊक नव्हता, यांनी समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, अगदी तसंच. मग यांनी पुढचं विचारलं. मर लागलेला वेल आम्ही उपटून जाळतो, तुम्ही काय करता? डॉक्टर म्हणाला, आम्ही आधी वाचवून बघतो.

दम्याच्या गोळ्यांचंही त्यानं विचारून घेतलं. गोळ्यांनीच झालं असं छातीठोक बोलला नाही, पण त्या बंद करा म्हणाला, हळूहळू कमी करत. आणि ऑपरेशन समजावून सांगितलं. खुब्यातल्या त्या गोळ्याच्या खाली मांडीचं हाड कापायचं, थोडं कलतं करायचं, म्हणजे अंगाचा भार मेलेल्या भागावर न येता चांगल्या भागावर येईल. कापलेलं हाड लोखंडी पट्टी आणि स्क्रू लावून धरून ठेवायचं. हाड जुळलं तर स्वतःचा खुबा राहील, पुढे हळूहळू बसताही येईल. नाही जुळलं तर खुबा कायमचा पक्का करून टाकावा लागेल, म्हणजे दुखणार नाही, पण वाकणारही नाही.

यांनी एवढंच धरलं. "बसता येईन ना?"

"जुळलं तर."

ऑपरेशन झालं. कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर. एक माणूस लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून आहे आणि त्याचं सगळं करायचं, हे ज्यानं केलं त्यालाच कळतं. आत खाज सुटली की हे रडकुंडीला यायचे. मी विणकामाची सुई आत घालून खाजवायचे आणि नर्सची बोलणी खायचे. प्लास्टर निघालं तेव्हा मी पाय पाहिला. सुकून काठी झाला होता, आणि दुसऱ्यापेक्षा आखूड. डॉक्टर म्हणाला, आखूड होतोच. मग पुन्हा फोटो. हाड धरायला लागलंय, पण कच्चं आहे, म्हणाला. त्या गोळ्यांनी उशीर लागतो. पाय टेकायचा नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं तर अजिबात बसायचं नाही. मी सांगेन तेव्हा.

घरी येताना दवाखान्यानं कुबड्या दिल्या. लाकडी, बगलेत धरायच्या. वरच्या आडव्या लाकडावर काथ्या भरून तपकिरी कातडं मढवलेलं, कडेनं बारीक खिळे मारलेले. नवंकोरं, चकचकीत. हे त्यावरून हात फिरवून म्हणाले, "घोड्याच्या खोगिरासारखं आहे." आम्ही दोघंही हसलो. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हसलो असू.

घरी मी एका जुन्या खुर्चीची बैठक सुताराकडून मधोमध कापून घेतली, सकाळच्या विधीला. जेवायला बाजेच्या कडेवर. कोणाकडे पंगत असली तर हे जायचेच नाहीत, कारण सगळे खाली आणि आपण एकटे वर, याची यांना लाज वाटायची. मी म्हणायचे, बसता येत नाही म्हणून बसत नाही, त्यात लाजायचं काय? पण माणसाला कशाची लाज वाटावी हे काही बायकोच्या हातात नसतं.

उतरणीचे दिवस आले. आमच्या घरात पहिला वेल मळ्याचा धनी उतरवतो. वेलाला हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, मग धन्यानं आपल्या हातानं वेल खाली घेऊन मातीत घालायचा, आणि त्यानंतरच बाकीच्यांनी हात लावायचा. सासू म्हणाली, नुसता उभ्यानं हात लाव, मातीत घालायचं काम धाकला करीन. त्यात कोणाला काही खोट दिसली नाही. मलाही नाही. वर्षभर घरात पडलेला माणूस मळा बघेल, एवढंच माझ्या मनात आलं.

मी त्या दिवशी बाहेरची होते. तरी कुडापर्यंत गेले. हे कुबड्यांवर हळूहळू चालत आले, दीर मागे, सासू पूजेचं ताट घेऊन पुढे. कुडाच्या तोंडाशी सासू वळली आणि तिची नजर कुबड्यांवर गेली.

"हे कातडं आहे ना बाप्पा?" ती म्हणाली.

सगळे थांबले. ती काही रागानं बोलली नव्हती. नारळ विसरला असता तर जसं बोलली असती तसंच बोलली. आणि यांनीही लगेच मान डोलावली. खरं तर तिनं सांगितलं नसतं तरी कातडं घेऊन हे आत गेले नसते. दीर पुढे झाला. "दादा, माह्या खांद्याले धरा. दहा पावलं तं आहेत."

यांनी कुबड्या माझ्या हातात दिल्या. दिराच्या खांद्यावर हात टाकून, डावा पाय उचलून धरून, लंगडी घालत हे आत गेले. मी कुडाबाहेर उभी. मला आत मज्जाव, कातड्याला आत मज्जाव. तुराट्यांच्या फटीतून शेवऱ्या दिसत होत्या आणि त्यांच्यामधे यांचं डोकं. घंटी वाजली. नारळ फुटला. यांनी हात वर करून वेल सोडवला. तो सोडवताना यांचं तोंड मला दिसलं. ते तोंड मी लग्नाच्या पहिल्या वर्षी रोज बघायचे आणि नंतर विसरूनच गेले होते.

मग डोकं खाली गेलं.

"बसू नका," मी ओरडले. "अवो, बसू नका तुमी."

यांचा आवाज आला नाही. दिराचा आला. "आई, दादाले धर."

पुढे यांनी मला सांगितलं, वेल हातात आला आणि मी बसलो. ठरवून नाही बसलो. वेल हातात आला की माणूस बसतोच, गुडघे आपोआप वाकतात. तोल गेला तेव्हा डावा पाय टेकला, सगळा भार त्याच्यावर आला आणि आत काहीतरी सुटलं. बाजेवर घालून बाहेर आणलं तेव्हा तो पाय बाहेरच्या बाजूला वळून पडला होता. हाताला माती लागलेली होती. कुबड्या अजून माझ्याच हातात होत्या.

बैलगाडी, बस, नांदुरा, रेल्वे. पुन्हा तोच डॉक्टर, पुन्हा तीच काच. आतली लोखंडी पट्टी मधोमध तुटली होती. हाड जिथून धरायला लागलं होतं तिथून सुटलं होतं, आणि वरचा गोळा आणखी खचला होता. मी त्याला सरळ विचारलं, हे त्या दिवशी बसले नसते तर पाय राहिला असता का? त्यानं फोटो काचेवरून काढला. म्हणाला, "सांगता येत नाही. कदाचित तरीही खचला असता. असे पुष्कळ खचतात." त्यानं माझ्या समाधानासाठी सांगितलं असेल. मला त्याचा असा संताप आला. चूक झाली म्हणाला असता तर चुकीला धरून रडता आलं असतं. आता तेही धड हाती लागेना.

पट्टी काढली. जखम चिघळली, पू झाला, तो वाहता वाहता थांबेना. एकदा थांबला असं वाटून टाके घातले, ते पुन्हा उसवले. शेवटी सगळं कोरडं झाल्यावर डॉक्टरनं खुबा पक्का करायचं ठरवलं. यांना तसं सांगितलं. मीच म्हणाले, "बसता?" डॉक्टरनं नकाराची मान हलवली. खुर्चीच्या कडेवर टेकता येईल, म्हणाला.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मी आणि सासू बाहेर व्हरांड्यात बसलो होतो. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. माझी नजर त्या चकचकीत कातड्यावर गेली आणि तिथून हलेना. सासूच्या चंचीतून मी अडकित्ता काढून घेतला. कुबडी मांडीवर घेतली आणि एकेक खिळा त्यानं उचकटला. कातडं सालीसारखं निघून आलं. आतला काथ्या होता तसाच होता. सासू नुसती बघत होती. मग तिनं आपल्या लुगड्याच्या विरलेल्या पदराचा तुकडा फाडला, घडी केली आणि माझ्या हातात दिला. मी तो काथ्यावर गुंडाळला आणि दोऱ्यानं आवळून बांधला. दुसऱ्या कुबडीचंही तसंच केलं. डॉक्टर बाहेर येण्याआधी सगळं झालं होतं.

सासूनं कुबडी हातात घेऊन वर लावलेलं फडकं दाबून पाहिलं. "इतकंच होतं का वं?" ती म्हणाली.

 त्या बाईला मी पुष्कळदा टाकून बोलले आहे, ती होतीच तशी. पण त्या दिवशी मी उरलेला दोरा तोडला आणि खाली पडलेले खिळे वेचले. ती कुबडी मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.

घरी आलो. डावा पाय आता कमरेपासून एकसंध. दुखत नव्हता, हे खरं. आता यांना मळ्यात जायला कोणी अडवत नव्हतं. एकदा गेलेही, फडक्याच्या कुबड्या घेऊन. दीर आणि गडी खाली बसून माती करत होते आणि हे मधे उभे. कोणीतरी म्हणालं, दादा, हा वेल जरा बघा ना, मुळाशी काळा पडल्यासारखा वाटते. यांना खाली वाकता येईना. दिरानं मुळाजवळची माती उकरून हातावर घेतली आणि यांच्या नाकाशी धरली. यांनी वास घेतला आणि म्हणाले, "मर आहे. उपट." घरी आले आणि त्यानंतर मळ्याचं नाव काढलं नाही.

गोळ्या बंद होत्या, म्हणून दमा परत आला होता. पाय वाकत नव्हता म्हणून दम लागला की पुढे झुकून बसताही येत नव्हतं. बाजेला टेकून अर्धवट उभं राहून हे श्वास ओढायचे आणि मी पाठीवरून हात फिरवत उभी राहायचे. दीर टोपल्यात पानं आणायचा. उंच मेजावर ती ओतून हे बाजेच्या कडेवरून निवडायचे. खराब पान बाजूला टाकायचे. काम होतं, पण पान खुडणाऱ्याला निवडायला बसवणं म्हणजे काय, हे मळेवाल्यांना विचारा.

एक दिवस सकाळी मी चहा देत असताना हे म्हणाले, "ह्या गुडघ्यात दुखून राह्यलं."

उजवा. मी कपबशी खाली ठेवली. आम्हाला दोघांनाही आता ठाऊक होतं, गुडघ्यात दुखतं म्हणजे कुठे दुखतं ते. मी म्हणाले, नागपूरले जाऊ. हे म्हणाले, कायले? मी भांडले, ओरडले, माहेरी जाण्याची धमकीसुद्धा पुन्हा देऊन पाहिली. हे चहा पीत राहिले. मला खरंच वाटलं होतं की भांडलं की माणूस उठतो. त्या दिवशी कळलं की एकदाच उठतो.

नंतर कुबड्या सुटल्याच नाहीत, दोन्ही बगला त्यांच्यावरच. लुगड्याचं फडकं घामानं भिजायचं, दबून काथ्याला चिकटायचं. बगलेत सोलून निघालं. मी दर काही दिवसांनी ते सोडायचे, धुवायचे, नवीन घडी घालायचे. शेवटी मी म्हणाले, जुन्या गोधडीची जाड गादी शिवते, टिकेल.

यांनी कुबड्या माझ्याकडे सरकवल्या.

"राहू दे गोधडी," हे म्हणाले. "बाजारात जाशीन तं चांभाराकडून कातडं मढवून आण. मले आता कुठी मळ्यात जा लागते."

मी दोन्ही कुबड्या उचलल्या. सासू दारात पानं पुशीत बसली होती. तिनं ऐकलं होतं. ती उठली, आत गेली आणि व्हरांड्यात मी उचकटलेलं ते तपकिरी कातडं घेऊन आली. तिनं ते इतके दिवस घडी करून ठेवलं होतं. नवं कायले घेते, असं म्हणून तिनं ते माझ्या हातात दिलं, आणि मी बाजाराला गेले.